न ढवळलेलं अळू

आश्विनातलं ऊन. पावसाने धुतलेलं, वाऱ्याने पुसलेलं, नितळ, निर्मळ, सुवर्णपाणी ऊन. डोंगराच्या नीलश्यामल कडेवरून ते वर चढलं, माडांच्या झावळ्यांतून पाझरत खाली आलं आणि शालन जुवाटकरच्या घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात पसरलेल्या अळूच्या पानांवर बसलं.

पानं काळवंडत होती. मेघवर्णी, मखमली, पावसाचा थेंबही अंगाला लावून न घेणारी ती पानं तीन दिवसांत वाळून कोळपली होती. हिरवंगार अळू उन्हात मारायचं, म्हणजे शालनच्या मते पापच. ते पाप ती सुपाने वरखाली करत होती.

देवगडच्या या वाडीत अळू शिजायचं ते शालनच्या हातचं. लग्नाला तिचं, बारशाला तिचं, श्रावणातल्या पंगतीलाही तिचंच. डाव कढईत फिरे तो अखंड फिरे, आणि कोकमाची मूठभर सोलं पडल्याशिवाय कढई खाली उतरत नसे. कारण अळू खाजरं. आंबटाशिवाय अळू म्हणजे घशाशी वैर, हे तिला परकरात असल्यापासून ठाऊक होतं.

पण घरात आता मारिसेल होती. दूरच्या फिलिपिन्समधली, बिकोल नावाच्या मुलखातली. बोटीवर नोकरी करणाऱ्या रुपेशने, शालनच्या मुलाने, लग्न करून आणलेली सून. माडांच्याच देशातून माडांच्या देशात आलेली. तिला चौथा महिना लागला होता आणि पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. पेज उलटली, मऊ भात उलटला, गोड उलटलं, तिखट उलटलं. गाल बसले, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या. रुपेश दर्यावर, अजून दोन महिने न येणारा. डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत जेवली नाही तर सोमवारी दाखल करा.

आणि त्या वाळल्या ओठांवर शब्द एकच: लाइंग. नारळाच्या रसात शिजलेली अळूची भाजी, तिच्या आईच्या हातची.

डोहाळेच ते! पुरवायलाच हवेत. पहिल्या खेपेस शालनने ते आपल्या रीतीने पुरवले. ताजं अळू, भरपूर रस, आणि सुनेची पाठ फिरताच चार सोलं गुपचूप कढईत. मारिसेलने एक घास घेतला. "बरां झालां, आये," एवढंच म्हणाली आणि ताट सारून भिंतीकडे तोंड करून निजली. ती रागावली असती तर शालनला सोसलं असतं. तिचं ते समजूतदारपण मात्र काळजाला घरं पाडून गेलं.

त्याच दुपारी शालनने आपणहून फोन लावायला सांगितला. पडद्यावर विहीण उगवली: ठेंगणी, सावळी, हसरी. तिची भाषा हिला येईना, हिची तिला. मारिसेल मध्ये बसून शब्द इकडचे तिकडे पोचवत होती. पानं उन्हात वाळवायची. आंबट नाही. आणि पानं शिजेपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं की खाजतं. हे शेवटचं सांगताना विहिणीने दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवले. ते भाषांतराविनाच कळलं.

आज रविवार.

मागच्या पडवीतली चूल पेटली. कांदा, लसूण, आलं, मिरच्या. नारळाचा पातळ रस. त्यावर चुरलेल्या पानांचा कृष्णहरित डोंगर. सोलं बरणीतच.

"अगो शालन, आंबट घालूक नाय?" कुंपणापलीकडून शेजारची लीलावयनी ओरडली. "गरवार पोर ती, गळो खाजतलो तिचो!"

शालनने सोलांच्या बरणीकडे एकदा पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं. तेच भय तिच्याही पोटात होतं.

रस उकळला. हात लावायचा नाही. पानं हळूहळू खाली बसली, रसाने त्यांना पोटात घेतलं. हात लावायचा नाही. मग जाड रस पडला, उकळला, आणि फुटला. एरवी रस फुटला असता तर शालनने कपाळाला हात लावून घेतला असता. आज तो फुटायलाच हवा होता. उजवा हात डावाकडे गेला, माघारी आला, पुन्हा गेला. शाबासकीला सोकावलेले ते हात, त्यांनी आज नुसतं बघायचं होतं! शेवटी तिने ते पाठीमागे घट्ट गुंफले आणि धुराने डोळ्यांत पाणी आलं तरी पुसायला सोडले नाहीत.

कडेने तेल सुटलं. सोनेरी, स्वच्छ, मंद मंद तडतडणारं.

पहिला घास तिने स्वतःच्या जिभेवर ठेवला. भलतंसलतं व्हायचंच असेल तर आधी मला होऊ दे. गिळला, आणि थांबली. आता खाजेल. मग खाजेल. लीलावयनी कुंपणावर ओणवी, श्वास रोखून. शालनने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. दाट, स्निग्ध, झणझणीत, आणि अगदी अंतरातलं अळू, जे इतक्या वर्षांत तिला कधी भेटलंच नव्हतं.

"खाजणा नाय गो, वयनी! खाजणा नाय!"

त्या आरोळीने की त्या वासाने, मारिसेल भिंत धरत पडवीत आली. पाटावर बसली. भात, त्यावर काळसर, तेलाने चकाकणारी भाजी. एक घास. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि धारांसकट दुसरा घास गेला, तिसरा गेला. शालन तिच्या गळ्याकडे बघत होती, पोटाकडे बघत होती, देव आठवत होती.

"आये, आनीक वाढ."

वाढलं. पुन्हा वाढलं. चौथ्या वेळी लीलावयनी कुंपण ओलांडूनच आली आणि कुणीही न बोलावता भाताचं पातेलं पुढे सरकवू लागली.

उन्हं कलली. माडांच्या सावल्या पडवीला टेकल्या. कितीतरी वेळ तिघी तशाच बसून राहिल्या, कान लावून, त्या पोटाच्या बंडाची वाट बघत. बंड झालं नाही.

आणि मग मारिसेलने ढेकर दिला.

भरल्या पोटाचा, मोकळ्या गळ्याचा, खणखणीत, दणदणीत ढेकर. पडवीतून तो खळ्यात गेला, खळ्यातून माडांत, माडांतून लालबुंद सांजदर्यावर. आणि शालन जुवाटकर पदरात तोंड खुपसून हसत राहिली, रडत राहिली, हसत राहिली.