उंबऱ्याबाहेरच्या चपला

प्रल्हादराव गद्रे गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि मीनाक्षीताईंच्या स्वयंपाकात लुडबुड करण्यापेक्षा बरं म्हणून अमेरिकेतल्या त्यांच्या नोव्हाय गावच्या फायर स्टेशनात चॅप्लेन झाले. चॅप्लेन म्हणजे धीर देणारा माणूस. तिथे कुणाचं हृदय बंद पडलं तरी आगीच्या बंबावरचे जवानच धावतात. जवान आत कुणाची छाती दाबत असतात तेव्हा बाहेरच्या खोलीत घरच्यांजवळ बसायचं, पाणी द्यायचं, आणि वाईट बातमी आलीच तर उठून जायचं नाही. स्टेशनात परतल्यावर एखाद्या जवानालाच रडू फुटलं तर त्याच्याजवळही बसायचं. या कामाला मंत्रबिंत्र लागत नाहीत, नुसतं बसता आलं पाहिजे, असं ते म्हणत.

एक खोड मात्र त्यांची सुटली नाही. जवान बर्फाळ बुटांनिशी थेट आत घुसत आणि हे गृहस्थ उंबऱ्याशी वाकून नाड्या सोडत बसत. त्यामुळेच त्या चपला त्यांच्या नजरेला पडल्या. एका म्हाताऱ्या सुताराच्या दाराबाहेर, तपकिरी चामड्याच्या, टाचेशी झिजलेल्या, उजवीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. आजूबाजूला घोटाभर बर्फ, आणि चपला ठणठणीत कोरड्या. घरात पाहुणा कुणी नव्हता. म्हातारा गेला, आणि प्रल्हादराव निघाले तेव्हा चपलाही तिथे नव्हत्या.

पुढे एका शाळामास्तरणीच्या दारात त्या दिसल्या, मग तळ्याकाठच्या एका घराबाहेर. तोच काळा दोरा. त्यांनी कॅप्टन डोनाला विचारलं.

"चपला?" ती हसली. "मला तर फक्त तुमचे बूट दिसतात. नेहमी स्ट्रेचरच्या वाटेत असतात."

उभा जन्म गाडीतली बारीक कुरकुर कुठून येते ते शोधण्यात गेलेला माणूस तो. स्वस्थ कसा बसणार? जिथे माणूस वाचला तिथे चपला नव्हत्या, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. मग कॉल आला की आधी दाराकडेच नजर जाऊ लागली. कुणाच्या असतील? इतकं चालून येतो कुठून? घरात माणूस मरत असताना आपल्याला ही उत्सुकता वाटते, याची त्यांना मनापासून लाज वाटे, पण उत्सुकता काही कमी होईना.

मग शिवांगीच्या घरचा कॉल आला. पुण्याची मुलगी, मांडीवर तान्हं मूल. नवरा नकुल लॅपटॉपसमोरच कोसळलेला. दाराबाहेर चपला होत्या, अंगठे आतल्या बाजूला.

"काका, तो उठेल ना?" उघड्या दारातून तिने विचारलं. "प्लीज, काहीतरी बोला ना."

अशा वेळी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पण त्या मुलीचं तोंड त्यांना बघवेना. "आलोच," म्हणून ते मागे वळले, हातमोज्यांनीच चपला उचलल्या, आपल्या गाडीच्या डिकीत टाकल्या आणि डिकी लॉक केली. परत येतात तोवर आतून डोनाचा आवाज आला. नाडी लागली होती.

त्या रात्री प्रल्हादरावांना फार दिवसांनी गाढ झोप लागली. चपलांचं काय करायचं ते सकाळी बघू, एवढाच विचार त्यांनी केला.

सकाळी ते कोपऱ्यापर्यंत चालायला गेले असताना मीनाक्षीताईंचा फोन आला.

"अहो, वाणसामानाच्या पिशव्या डिकीतच राहिल्या होत्या, मी काढल्या. आणि त्या चपला कुणाच्या हो? बर्फासारख्या गार पडल्या होत्या बिचाऱ्या."

"कुठे आहेत त्या?"

"कुठे म्हणजे? दारात नीट लावून ठेवल्यात. चहा टाकते, या लवकर."

या वयात आणि या बर्फात धावू नये एवढं त्यांना कळत होतं, तरी ते धावले. चपला उंबऱ्याबाहेर होत्या, जोडीने, अंगठे आतल्या बाजूला. दार उघडंच होतं आणि आतून चहा उतू गेल्याचा वास येत होता. त्यांनी मीनाक्षीताईंना हाक मारली, थोडं थांबले, मग चपला उचलायला वाकले.

त्या आतून गरम होत्या.