बारवेच्या पाण्याची बाटली

विमलबाईंना त्या दिवशी विज्ञान नको होतं, नंबर हवा होता. उगाच खोटं कशाला बोला? दुसरबीडजवळच्या त्या खेड्यात चौथीचा वर्ग सांभाळून त्यांना चार वर्षं झाली होती. नवरा नांदुऱ्याला कापसाच्या जिनात कामाला, पाच वर्षांची लेक तिथंच सासूपाशी. गेल्या दिवाळीला बाई घरी गेल्या, तर लेकीनं आजीमागे दडून विचारलं, "आजी, हे पाहुनी कधी जाईन?" त्या दिवसापासून बाईंचं कशात मन लागेना. बदलीचे पाच अर्ज करून झाले. शेवटी शिक्षण खात्याचे तालुक्याचे साहेब म्हणाले, "विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आणा, मग मी वर शब्द टाकतो."

लागल्या बिचाऱ्या कामाला. विषय शोधायला लांब जायला नको होतं, गावात नारू होताच. बायका बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागरी भरत. तेच पाणी सगळे पीत, आणि वर्षभरात कुणाच्या तरी पायातून दोऱ्यासारखा हातभर किडा निघे. वर्गातल्या झुंबर नावाच्या पोरीचा बाप कडूबा ऐन पेरणीत दोन महिने ओसरीवर पडून होता. पायातला किडा काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा आणि ओरडायचा.

प्रयोग सोपा होता. बारवेचं पाणी पांढऱ्या बशीत ओतायचं, त्यातले वळवळणारे बारीक किडे भिंगातून दाखवायचे. हे किडे पोटात गेले की नारू होतो, हे सांगायचं. मग तेच पाणी दुहेरी कापडातून गाळून दाखवायचं. संपलं!

पण पोरांकडून करून घ्यायचं म्हणजे जीव जातो हो. तक्त्यावरचा पाय काढला तो वांग्यासारखा. पाठांतरात एक वाक्य आलं की दुसरं पळायचं. तीन आठवडे शाळा सुटल्यावर बाई घसा फोडत राहिल्या, "गाळल्याशिवाय घागर घरात न्यायची नाही! म्हणा पुन्हा!" त्यांना स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता.

प्रदर्शनाच्या सकाळी झुंबर बारवेवरून बाटली भरून घेऊन आली आणि एस.टी.नं सगळे दुसरबीडला पोचले. साहेब टेबलापाशी आले. झुंबर घडाघडा बोलली, एक शब्द चुकली नाही. साहेबांनी भिंग घेतलं, बशीवर वाकले, बराच वेळ वाकून राहिले.

"बाई, यात तर काहीच नाही."

बाईंनी पाहिलं. बशीत स्वच्छ, निवळशंख पाणी. उरलेली बाटली ओतली, तरी तेच. "असू द्या," साहेब म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

"झुंबरे, पाणी कुठून आनलं वं?" बाईंचा आवाज चिरकला.

"बारवेतूनच, बाई. गाळून आनलं."

"गाळून? काऊन गाळलं?"

"मोठे सायेब येनार व्हते. त्यायच्या म्होरं किड्याचं पाणी कसं ठेवाचं? अन् तुमीच तं म्हनता, गाळल्याबिगर..."

बाईंनी हात उगारला होता. तो तसाच खाली आला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या. नंबर भलत्याच शाळेला गेला होता. मग त्यांनी झुंबरला विचारलं, "घरी कोन कोन गाळते?"

"समदेच. मायनं जुनं लुगडं फाडलं, अर्धं मामीले देल्लं. बाबा तं कोनाले हात लावू देत नाहीत, सोताच गाळतेत."

बाईंना भरून आलं. आनंदानं की रागानं, त्यांचं त्यांनाच कळेना. ज्यासाठी घसा फोडला ते पोरीनं अक्षरशः केलं होतं, आणि त्यानंच त्यांचा नांदुरा लांब गेला होता. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

झुंबरनं पिशवीतून दुसरी बाटली काढली. "घ्या बाई, तुमच्यासाठी आनलं व्हतं. गाळेलच हाय."

बाईंनी वरून धार धरली आणि बाटली रिकामी होईपर्यंत प्यायल्या. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. यंदाही त्या घरी पाहुण्याच म्हणून जाणार होत्या.