बावडीचं कुंपण

सरकारी कचेरीत कामं होत नाहीत असं जी माणसं म्हणतात, ती घरून डबा नेत नाहीत, असं यमुताईंचं ठाम मत होतं. डबा नेला की जेवायला घरी जायचं निमित्त उरत नाही. आणि दुपारनंतरही तीच बाई त्याच बाकावर शांतपणे लोणच्याची फोड चोखताना दिसली की कसल्याही बाबूचं मन कामात लागत नाही.

हे शहाणपण अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळीनंतर कामी आलं.

इतवारीच्या मागल्या अंगाला, यमुताईंच्या घराला लागून, भोसल्यांच्या काळातली एक दगडी बावडी होती. घरोघरी नळ आल्यापासून पाण्याला तिथे कोणी जात नव्हतं. बावडीपुढचं आवार मात्र अख्ख्या मोहल्ल्यात मोकळं असं तेवढंच. नवरा गेल्यावर यमुताईंनी तिथल्या कडुलिंबाखाली बालवाडी सुरू केली. शेंबडी पोरं, गाणी, भांडणं, फुटाणे. यमुताईंचा दिवस उगवायचा तो त्या झाडाखालीच.

मग ताराचंद दूधवाल्याची बकरी बावडीत पडली. खाट दोराने खाली सोडून तिला वर काढली, आणि वर येताच ती बालवाडीतली शेवंती खायला लागली. बकरीला काही झालं नाही. झालं ते पोरांच्या आयांना.

"आज बकरी पडली, उद्या आमचं पोट्टं पडंन," इंदुताई लेकीचा हात धरून म्हणाली. "कुंपण करा वं ताई, मंग धाडू."

आठवड्याभरात झाडाखालची तरटं रिकामी पडली. यमुताई एकट्याच बसून राहत. कावळे तेवढे नियमित यायचे.

रुपराव म्हणजे त्यांचे चुलत दीर. गिरणीतून निवृत्त झालेले आणि त्या दिवसापासून सेवेला हात शिवशिवत असलेले. त्यांनी सब्बल आणून पहिला खड्डा घेतलाही. तेवढ्यात पुरातत्त्व खात्याचा चौकीदार धावत आला आणि झाडामागच्या निळ्या पाटीकडे बोट दाखवायला लागला. बावडी संरक्षित होती. परवानगीशिवाय तिच्या आवारात खुंटीसुद्धा ठोकायची नाही.

म्हणून यमुताई डबा घेऊन सदरला, त्या खात्याच्या कचेरीत गेल्या. जात राहिल्या. शेवटी साहेबांनीच आत बोलावलं.

साहेब पुण्याकडचे, अंगाने बारीक, बोलायला मऊ. कुंपण कशाचं, किती लांब, सगळं त्यांनी विचारलं आणि मग म्हणाले, "खांबांना खड्डे किती खोल घेणार? बावडीची भिंत जमिनीखाली कुठवर गेलीय ते बघावं लागेल. उद्या भिंत ढासळली तर तुमचं कुंपणही आत आणि मुलंही आत."

यमुताईंना हे पटलं. खणायच्या आधी खालचा विचार करणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

"गुरुवारी सकाळी येऊन बघतो. तोपर्यंत आवारात खोदू नका."

"खुरपं लागणार नाही साहेब. शब्द देतो," यमुताई म्हणाल्या.

यमुताईंनी मोहल्ल्याला बजावलं, कुदळ-फावडं कोणी काढायचं नाही. पण घरी येता येता त्या आनंदात रुपरावांजवळ आणखी एक वाक्य बोलून गेल्या, "भाऊजी, साहेबाले जागा जराशी चांगली दिसली पाहिजे बरं का." आणि बुधवारी बहिणीच्या नातवाच्या बारशाला जरीपटक्याला निघून गेल्या. रात्री बहिणीने सोडलं नाही.

गुरुवारी सकाळी रिक्षा गल्लीत वळली आणि यमुताईंना कोपऱ्यावरूनच काहीतरी पांढरं चमकताना दिसलं. त्यांना वाटलं, कोणी चादरी वाळत घातल्यात.

चादरी नव्हत्या. बावडी होती. कमान, कठडा, वरच्या पायऱ्या, सगळ्याला चुना. चुन्यात नीळ, म्हणून उजेड जास्तच. खाली गेरूचा हातभर पट्टा. कमानीवरचा दगडी गणपती आभाळी रंगाचा झाला होता आणि त्याच्या डोक्यावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं.

"हे काय केलं भाऊजी?"

"खोदलं नाही वैनी, तुमची आण!" रुपरावांच्या मिशीलाही चुना होता. "साहेब येऊन राहिले न? मंग काळीकुट्ट बावडी दाखवाची काय त्याहिले? घरी पाहुणा आला तरी आपण वट्टा सारवतो. अख्खा मोहल्ला लागला होता. आत्ताच हात धुतले."

यमुताई कडुलिंबाच्या पारावर बसल्या. दिवाळीला, लग्नाला, मंत्र्याची मोटार जायची असली तरी, चुना आणि गेरू याशिवाय आदर दाखवायची दुसरी रीत या मोहल्ल्याला ठाऊकच नव्हती. त्यांना तरी कुठे होती?

तेवढ्यात स्कूटर आली.

साहेबांनी बावडीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बावडी पांढरीच होती. रुपराव झेंडूचा हार घेऊन पुढे झाले.

"हे कोणी केलं?"

"आम्हीच जी!" रुपरावांनी छाती काढली.

"हा गुन्हा आहे. माहीत आहे? खटला होतो यावर."

हार हातातच राहिला. रुपरावांचा चेहरा कमानीच्या रंगाचा झाला. मागे इंदुताई कुजबुजली, "गेलं वं कुंपण." आणि लेकीला घेऊन घराकडे वळली. ती पाठमोरी पोरगी यमुताईंनी पाहिली, आणि त्या उठल्या.

"साहेब, चूक आमची आहे. 'चांगली दिसली पाहिजे' म्हणणारी मीच. पण मले एक सांगा. रात्रभर मोहल्ला इथं बादल्या घेऊन नाचला, त्याले कोणी अडवलं? तुमचा चौकीदार तर सांजेलेच घरी जाते."

"ही पाटी कशाला लावलीय?"

"पाटी बकरी वाचत नाही. पोट्टे वाचत नाहीत. आमचे भाऊजी वाचतात, पण त्यात 'खोदू नका' तेवढंच पाहतात." यमुताईंचा आवाज आता बालवाडीतला झाला होता. "कुंपण असतं, फाटकाले कुलूप असतं, किल्ली माझ्या कमरेले असती, तर तुमची बावडी आज काळीच राहिली असती. आज चुना लागला. उद्या कोणी दगडं उचलून नेईन. तवा खटला कोणावर कराल?"

साहेब पाटीकडे पाहत हळूच म्हणाले, "म्हणजे बाई, कुंपण तुम्हाला मुलांसाठी हवंय, बावडीसाठी की दिरांसाठी?"

"तिघांसाठी जी. बावडीले तेवढी अक्कल आहे, बाकी दोघाहिले नाही."

मोहल्ला हसला. रुपरावही हसले, कारण साहेब हसले होते.

साहेबांनी कमानीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. "ओला आहे अजून. आत्ताच्या आत्ता धुवायला घ्या. साधं पाणी आणि काथ्या. तारेचा ब्रश नाही, खरवडणं नाही. सगळं स्वच्छ निघालं तर तुमच्या अर्जाचं बघतो."

मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दगडावर हात कसा हलका फिरवायचा ते स्वतः दाखवलं. "तान्ह्या पोराची टाळू धुतात तसं," यमुताईंनी ते मोहल्ल्याला समजावून सांगितलं. दिवसभर बावडीचंच पाणी शेंदून बावडीला आंघोळ घातली. सर्वांत पुढे रुपराव. ऊन उतरता उतरता काळा दगड परत वर आला. गणपतीच्या एका कानात थोडी नीळ राहिली. साहेबांनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

निघण्याआधी त्यांनी विचारलं, "कोरडा चुना उरलाय का?"

रुपराव घाबरत घाबरत टोपली घेऊन आले. साहेबांनी मूठ भरली आणि बावडीपासून बरंच लांब, आवारभर फक्कीची रेघ ओढत नेली. "खांब या रेघेवर. खड्डे नाहीत, दगडी बैठकीत उभे करायचे. झाडाच्या मुळांना धक्का नाही. मंजुरी वरून यावी लागेल, पण मी लिहितो."

"यीन न," यमुताई म्हणाल्या. "मी येऊन बसतो बाकावर."

"नका," साहेब घाईने म्हणाले. "मी पाठवतो."

मंजुरी संक्रांतीच्या आत आली. कुंपण उभं राहिलं, फाटकाला कुलूप लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताईची लेक तरट बगलेत मारून सगळ्यांच्या आधी हजर झाली.

रुपराव अजूनही सणावाराला फाटकाशी येतात. "वैनी, किल्ली द्या न. गणपतीले हार घालतो फक्त."

यमुताई किल्ली कमरेची काढतात. पण आधी म्हणतात, "हात दाखवा."

आणि रुपराव बालवाडीतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करतात, उलटे आणि सुलटे.