म्हस्कूतात्याचा अंगठा आन् मी वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. दवाखान्याच्या कोपऱ्यातला, हिरवा, एका बाजूला पोचा आलेला. घाबरू नका, तुमचं वजन मी कुणाला सांगत न्हाय. नर्सबाई मोठ्यानं वाचती, त्याला मी काय करू?

पोटात एक स्प्रिंग, छातीवर एक काटा, एवढाच माझा संसार. शहाण्णव साली जीपमधनं आदळत-आपटत इंदापूर तालुक्यातल्या ह्या सरकारी दवाखान्यात आलो. पहिलं सहा महिनं माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला हुता. काटा कायम अठरावर. मला वाटलं, हितला सगळ्यात आजारी पेशंट ह्योच!

मग माठ उतरला आन् माणसं चढाय लागली. लई नमुनं. कोण वजन कमी भरावं म्हणून भिंतीला धरतं. कोण पानाची चंची काढून ठेवतं, पोट मात्र संगंच आणतं. कंपाउंडर जोतीराम येता-जाता मला लाथ मारायचा. मग मी त्याला दोन किलो जास्तच दावायचो. बिचाऱ्यानं भजी सोडली. झालं की न्हाय भलं?

तर म्हस्कूतात्या. कळंबकडचा. आधी मेंढरं, आता ऊस. पायाच्या अंगठ्याला जखम, काय केल्या भरंना. रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "तात्या, गोळ्या घ्या आणि साखर बंद. नाहीतर अंगठा काढावा लागेल."

"बंद म्हंजे बंद!"

दर मंगळवारी तात्या माझ्यावर चढायचा. बाहत्तर. एकोणसत्तर. पासष्ट. रक्तातली साखर वर आन् तात्या खाली. जखम चिघळली. डॉक्टर वरडले, "साखर खाताय तुम्ही!"

"बिरोबाची आन, जिभंला लावली न्हाय!"

बाहेर शंभर माणसं रांगंत. डॉक्टरांनी अंगठा काढायची चिठ्ठी पुण्याला लिहिली. पुढच्या महिन्याची तारीख.

त्याच मंगळवारी बारामतीहून यष्टीनं राजेश्वरी मॅडम आल्या. आहारतज्ज्ञ. कसल्याशा योजनंत तीन महिन्यांसाठी. जोतीराम हसला, "काय खायचं ते सांगाय पगार? आमची आय फुकट सांगती की!"

मॅडमनी तात्याच्या बायकोला, गोजरबाईला, जवळ बसवलं. "काल उठल्यापासून काय काय खाल्लं यांनी?"

"काय न्हाय ओ. नुसता च्या."

"किती वेळा?"

"घरी चार. भावकीत जातील तितं येगळा. न्हाय म्हणलं तर लोक रुसत्यात."

"बिनसाखरेचा ना?"

"व्हय तर! साखर घरातच न्हाय," तात्यानं छाती फुगवली. "समदा गुळाचा. भाकरीसंगं काकवी. आपलाच ऊस, आपलंच गुऱ्हाळ. गूळ औषिदी असतोय, मॅडम!"

"ढेप किती दिवस जाते?"

"पाच किलोची... पंधरा दिस."

डॉक्टरांच्या हातातला पेन थांबला. "गुळाचं मी विचारलंच नाही," ते म्हणाले.

मॅडम वरडल्या न्हाईत. म्हणाल्या, "तात्या, गूळ घरचा असला तरी रक्तात गेला की साखरच." मग चार भाकऱ्यांच्या दोन केल्या, संगं मटकी आन् मेथी. आन् भावकीतला च्या? "सांगा, मॅडमशी पैज लागलीय, महिनाभर बिनगोडाचाच प्यायचा."

पैज म्हणल्यावर तात्याचं डोळं चमकलं. समदी भावकी राखणीला बसली. कुणी गूळ टाकला की दुसरा कप हिसकायचा.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, नर्सबाई रोज जखम धुवायची, मॅडमनी ताट बदललं. सातव्या मंगळवारी जखमंवर गुलाबी कातडी आली. पुण्याची अंगठा काढायची तारीख डॉक्टरांनी तवर पुढं ढकललेली, ती रद्दच झाली. तात्या माझ्यावर चढला, सासष्ट! आन् सगळ्या रांगंला अंगठा दावत फिरला.

तीन महिनं सरलं. मॅडम दुपारच्या यष्टीनं गेल्या, त्या गेल्याच.

काल अंथुर्ण्याचा गेणू आला. पायाला पट्टी. "साखर सोडली, डॉक्टर! आता नुसता मध." डॉक्टरांनी तोंड उघडलं, तवर बाहेर विंचू चावलेली बाई आली, आन् ते धावले. गेणू गेला घरी, मधाकडं.

मी काटा गदागदा हलवला, पण काय उपेग? मला आकडा दावता येतो, "काल काय खाल्लं" इचारता येत न्हाय. डॉक्टरला इचाराय सवड न्हाय. सायबांनो, त्यासाठी माणूस लागतं. मॅडमला हितं कायमची बसवा. खुर्चीला जागा न्हाय म्हणाल, तर मला उचलून पडवीत ठेवा. मी काय, उन्हातबी खरंच बोलीन. जोतीराम सोडून.