सावनातला दुसरा सोमवार

माझी पुतणी शलाका पुण्यात आणि आमची सून दिशा इथे झाशीत, दोघींना गेल्या वर्षी जवळजवळ एकाच सुमारास दिवस गेले. शलाका माझ्या बायकोला, कांचनला, फोन करून सगळं सांगायची. कांचन फोन कायम स्पीकरवर ठेवते, त्यामुळे पुस्तकात डोकं घालून बसलो तरी मला ते ऐकू यायचं. सातव्या आठवड्यात शलाकाची पहिली सोनोग्राफी झाली आणि तिची बाळंतपणाची तारीख पाच दिवसांनी बदलली. बाराव्यात दुसरी झाली, तिच्यात बाळाच्या मानेमागची पाण्याची पातळ पट्टी मोजली आणि त्याच दिवशी रक्तही घेतलं. दिशाची तोवर एकही सोनोग्राफी झालेली नव्हती.

रेल्वेच्या वर्कशॉपात मी एकोणतीस वर्षं ड्रॉइंगं सांभाळली. एकाच भागाची दोन ड्रॉइंगं जुळली नाहीत की मला चैन पडायचं नाही. ती खोड गेलेली नाही. एका जुन्या डायरीत मी दोन रकाने आखले, पुणे आणि झाशी. पुण्याचा भरत गेला, झाशीचा रिकामा राहिला. पुण्यात जास्त करतात की आपल्याकडे कमी, हे ठरवणारा मी कोण, असंही वाटायचं. पण एकाच देशातल्या दोन पोटांची मोजणी इतकी वेगळी का, हे जाणून घ्यायची उत्सुकता काही केल्या जाईना.

मी वाचायला लागलो. मानेमागचं ते माप अकरा आठवड्यांपासून चौदावा पूर्ण व्हायच्या आदल्या दिवसापर्यंतच उपयोगाचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

दिशाला तपासणीला नेलं की मी फाईल धरून बाहेर बसायचो. एकदा शेजारी गरौठ्याहून आलेली एक बाई होती, सहावा महिना लागलेली. मी काही विचारलं नसतं, पण कांचन कुणाशीही बोलते. तुमची सोनोग्राफी किती वेळा होते, असं तिने विचारलं तर ती बाई म्हणाली, "हमाओ तो एकई बेर होत, पाँचएँ महीना में।" मी डायरीत तिसरा रकाना आखला, गरौठा, आणि त्यात लिहिलं: एकदाच, पाचव्या महिन्यात.

मग दिशाची सोनोग्राफी अजून का नाही, हे कांचनने माझ्या वतीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांना राग आला नाही. ज्यांना शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही किंवा काही त्रास होतो त्यांना मी सोनोग्राफीला आधी पाठवते, असं त्या म्हणाल्या. दिशाची तारीख पक्की होती, चार ऑगस्ट, त्यामुळे बाराव्या-तेराव्या आठवड्यातली तपासणी पुरे होती. ती मात्र चुकवायची नाही, असंही त्यांनी बजावलं. दिवाळीनंतर तीन नोव्हेंबरला तेरा आठवडे पूर्ण होणार होते. त्या दिवसाची वेळ ठरली.

ती का चुकवायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी दिशाच्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं होतं की बाळाची कवटी तयारच झालेली नाही. हे तिसऱ्या महिन्यातही दिसलं असतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. पुढचं सगळं घाईत उरकावं लागलं. त्यानंतर दिशा कितीतरी दिवस माजघरातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. या वेळी दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती आमच्या परागला म्हणजे तिच्या नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "इस बार मुझे पहले पता चलना चाहिए। जो भी हो।"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पराग इटारसीकडे गाडी घेऊन गेला होता. रेल्वेच्या ड्रायव्हरांना दिवाळीची सुट्टी क्वचितच मिळते. मी वाती तेलात भिजवत होतो. दिशा रांगोळीचं ताट ठेवता ठेवता कार्तिकाच्या अमावास्येबद्दल काही बोलली आणि कांचनने तिला अडवलं. कार्तिक कुठला, अजून आश्विन चालू आहे, म्हणाली. दिशा इकडची, आम्ही मराठी, त्यामुळे हे भांडण आमच्या घरात दर वर्षी होतं.

"मम्मीजी, आपका महीना हमेशा लेट आता है," दिशा म्हणाली. "पैसेंजर गाड़ी है।"

"तुमची एक्सप्रेस पंधरा दिवस आधी सुटते, पण पौर्णिमेला दोन्ही एकाच फलाटावर उभ्या असतात ना?"

इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. झाशीतल्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. मीही हसलो. आणि मग वात माझ्या हातातच राहिली.

सप्टेंबरात पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा दिशाला पाळीची तारीख आठवत नव्हती, वार आठवत होता. सावनचा दुसरा सोमवार होता, त्या दिवशी देवळात जाता आलं नव्हतं, असं ती म्हणाली. कांचनने पर्समधून पुण्याहून येणारी छोटी दिनदर्शिका काढली, श्रावणाचा दुसरा सोमवार पाहिला आणि चार ऑगस्ट लिहून दिला. चार ऑगस्ट दिशाच्या सावनातही सोमवारच होता, फक्त चौथा. म्हणून कुणालाच काही खटकलं नाही.

मी आधी हेच धरून चाललो की चूक माझीच आहे. बहुतेक वेळा असते. फोनवर जुलै महिना काढून तीनदा मोजलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कांचनला हळूच सांगितलं. ती चिडली. चाळीस वर्षं इथे काढून मला श्रावण कळत नाही का, म्हणाली. तिने दिशाला विचारावं, असं मी सुचवलं, तर शंका तुमची आहे, तुम्हीच विचारा, म्हणून ती करंज्यांच्या डब्याकडे वळली.

सासऱ्याने सुनेला हे कसं विचारायचं? रात्री मी मनात वाक्यं जुळवली, सकाळी ती सगळी विसरलो. पाडव्याला दिशा इकडच्या रीतीने अंगणात शेणाचा गोवर्धन घालत होती. फाईल छातीशी धरून मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"बेटा, वो दूसरा सोमवार," मी म्हणालो, "तुम्हारे सावन का था या हमारे?"

तिने वर पाहिलं. माझा चेहरा पाहून आधी तिला हसू येणार होतं, ते आलं नाही. शेणाच्या हातानेच तिने बोटांवर मोजलं.

"पहला चौदह जुलाई। तब तो मैं गई थी। दूसरा इक्कीस।" ती म्हणाली. "पापाजी, उस दिन आप ही तो जल लेकर अकेले गए थे। पर्चे पर क्या लिखा है?"

मी तिला फाईल दाखवली. तिने तो आकडा वाचला. मग तिने विचारलं की आज किती आठवडे झाले. तेरा आणि दोन दिवस, मी सांगितलं. माप घ्यायची मुदत रविवारी संपत होती आणि आम्ही तिला त्यानंतर आठ दिवसांनी नेणार होतो.

कांचन माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

सोनोग्राफी सेंटरला फोन मी लावला. तिथली मुलगी म्हणाली, सोमवारपर्यंत बंद आहे, आणि पर्चीप्रमाणे तर तुमचे अकरा आठवडे नुकतेच झालेत, घाई कसली? मी पौर्णिमा, अमावास्या असं काहीतरी सांगू लागलो आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. कांचनने माझ्या हातातून फोन घेतला.

"बेटी, तारीख मैंने लिखवाई थी, गलत लिखवाई। हम मराठी हैं, हमारा सावन बाद में लगता है। बहू तो यहीं की है। दो हफ़्ते का फ़र्क़ है, और उसका पहला बच्चा गया था, पता देर से चला था।"

ती मुलगी म्हणाली, मैडम से पूछती हूँ. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर वसुंधरा शुक्रवारी सकाळी दोन तातडीच्या पेशंटांसाठी येणार होत्या, दहा वाजता या.

शुक्रवारी सेंटरमध्ये आधी आधारकार्ड आणि फॉर्म झाला. मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, अशी पाटी काउंटरवरच होती. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तेव्हा कांचनने तोंड उघडायच्या आत दिशा म्हणाली, "इक्कीस जुलाई।"

दोघी आत गेल्या. मी बाकावर बसलो. आता आतून कुणी येऊन म्हणालं की अकराच आठवडे आहेत, तर ऐन सणात सगळ्यांना पळवल्याबद्दल मी काय सांगणार? मग लक्षात आलं की तिकडे आत ती पोर काय ऐकणार आहे त्याऐवजी मी माझ्या हिशेबाची काळजी करतोय, आणि मला माझीच लाज वाटली.

कांचन आधी बाहेर आली. बाळाची लांबी मोजली, तेरा आठवडे चार दिवस, असं तिने सांगितलं. "तुमचं बरोबर होतं," हे मात्र तिने दाराकडे बघत म्हटलं.

मग दिशा आली. ओढणी नीट करत ती माझ्या शेजारी बसली.

"सिर पूरा गोल है, पापाजी," ती म्हणाली. "मैंने तीन बार पूछा। तीसरी बार मैडम ने स्क्रीन मेरी तरफ़ घुमाकर उँगली से दिखाया।"

मानेमागचं मापही जसं हवं तसं होतं. रक्ताचा रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता, आणि पाचव्या महिन्यात पुन्हा सगळं नीट पाहावं लागणार होतं. मॅडमनी हे तिला स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनेही आम्हाला काही न वगळता सांगितलं.

परागला तिने मेसेज केला, तो गाडीवर होता. मग म्हणाली, "अब अम्मा को भी बता दूँ।" मऊरानीपुरला आपल्या आईला तिने अजून काहीच कळवलेलं नव्हतं, हे मला त्या बाकावरच समजलं. तिने नंबर लावला. पलीकडून हॅलो आला तशी ती आमच्याकडे जरा पाठ करून, उभ्या असलेल्या आईला आधी बसायला सांगत, माहेरच्या बोलीत बोलली.

"अम्मा, काँ ठाड़ी हो? नईं, पैलाँ बैठ जाओ।"