शंभरातले तीन

खजूर फोडून आत पाहिल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही, ही तोझूर या वाळवंटी गावची रीत. लझहर व्यापाऱ्याने हनिय्याच्या पेट्यांमधले वरचे तीन खजूर फोडले आणि दोनांत अळी निघाली.

"लल्ला हनिय्या, माल किडका. मेंढ्यांना घाल," 'लल्ला' म्हणजे बाईसाहेब असा मान राखत, पण हात झटकत तो म्हणाला.

बावीस झाडांचं वर्षभराचं पीक मेंढ्यांपुढे! हनिय्याने पेट्यांकडे पुन्हा पाहिलं. नवरा गेल्यापासून बाग तिनेच सांभाळली होती, कीड लागू नये म्हणून घडांना जाळ्याही तिनेच बांधल्या होत्या. मग तिला आठवलं. वादळात एकाच झाडाची जाळी फाटली होती, आणि ते झाड सर्वांत शेवटी उतरवलं होतं. त्याचेच खजूर प्रत्येक पेटीच्या वरच्या थरात बसले होते. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण भात ढवळलेला तर हवा!

हे शहाणपण तिचं नव्हे, शेजारच्या तिजानी मास्तरांचं, ज्यांना सगळे आदराने 'सी तिजानी' म्हणत. लहानपणी शाळेत एका मास्तराने छडी मारली, तेव्हापासून मास्तर सगळे सारखेच, असं तिचं पक्कं मत होतं. गेल्या हिवाळ्यात तिने ते त्यांच्या तोंडावर सांगितलं.

"किती मास्तर पाहिलेस गं?"

"एक."

"एका बीवरून पोतं जोखलंस की!" म्हणत त्यांनी आतून मडकं आणलं. त्यात खजुराच्या बिया होत्या, काही कोळशाने काळ्या केलेल्या. "न पाहता काढ. परत टाक. हलव. पुन्हा काढ." चार काढल्या की मडक्यात काळ्या किती याचा अंदाज हुकायचा, शंभर काढल्या की जवळ यायचा. रोज दुपारी म्हातारा तेच करायला लावी आणि ती मनातल्या मनात कपाळावर हात मारी.

आता तिने ताडपत्री पसरली. "लझहर, एका झाडाची जाळी फाटली होती, त्याचं सगळं वर आलंय. सगळ्या पेट्या ओत, कालव, डोळे मीट आणि शंभर काढ."

"शंभर? माझी दुपार वाया घालवतेस?"

"माझं वर्ष वाया चाललंय."

कुरकुरत त्याने शंभर फोडले. किडके निघाले तीन.

"बाकीच्यांची हमी देतेस?"

"हमी नाही, अंदाज. पण तुझ्या तीन खजुरांपेक्षा शंभरांचा बरा."

लझहरने मान खाजवली आणि चांगल्या मालाच्या भावाने पेट्या उचलल्या.

राखून ठेवलेला सर्वांत सुंदर घड घेऊन हनिय्या मास्तरांच्या दारी गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी पहिला खजूर फोडला. आत अळी वळवळत होती! तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मास्तर खोकला येईस्तोवर हसले. "शंभरात तीन निघाले ना? मग ते कुणाच्या तरी वाट्याला येणारच की. आज माझा नंबर!"

"सी तिजानी, तुमच्यामुळे बाग तरली," ती म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू? आणि मी म्हणायचे, मास्तर सगळे सारखेच..."

"अजून तरी दोनच पाहिलेस. घाईने मत बदलू नकोस."

मग त्यांनी घडातला दुसरा खजूर तोडला, तिच्याकडे पाहिलं आणि न फोडताच तोंडात टाकला.