दुसरी रॅक

"काका, शेवटची स्लाइड नीट पाहा बरं," असं सांगून प्राजक्ता मंचावर गेली. जानराव मागच्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, अवघडून बसले होते. अमरावतीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं उंदरांना खाऊपाणी घालणाऱ्या माणसाला अकोल्याच्या परिषदेचं बोलावणं कुठून येणार? प्राजक्तानंच हट्टानं आणलं होतं.

तिचं काम जानरावांना तोंडपाठ होतं. ती चांदूर रेल्वे गावची. पिंजऱ्याशी बसून डबा खाता खाता ती सगळं सांगे. पिल्लू आईच्या पोटात असताना मज्जातंतूंनी कुठं वळायचं, कुठं थांबायचं, हे काही प्रथिनं सांगतात. सेमाफोरिन हे त्यांतलंच एक. पुढं तेच प्रथिन रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही वाट दाखवतं. पेशीनं साखर जाळायची की चरबी, हेही तेच ठरवतं का, हा तिचा प्रश्न होता. म्हणून पहिल्या रॅकवर साधे उंदीर होते आणि दुसऱ्या रॅकवर सेमाफोरिन नसलेले.

पडद्यावर दोन रेघा आल्या. दुसऱ्या रॅकवरच्या उंदरांच्या रक्तातली साखर उतरली होती, ते चरबी जाळत होते, लढणाऱ्या पेशी निम्म्यावर आल्या होत्या. सभागृहात कुजबूज झाली.

जानरावांनी मान खाली घातली.

मग शेवटची स्लाइड आली. मार्गदर्शकांच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्राण्यांची देखभाल : श्री. जानराव इंगोले'. टाळ्या वाजल्या. शेजारच्यानं त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून हात जोडले. जानरावांनीही जोडले.

पुढच्या रांगेतून एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "रक्त घेण्याआधी उंदीर उपाशी तर नव्हते ना? उपाशीपोटीही अगदी असंच दिसतं."

"नाही सर," प्राजक्ता हसली. "आमचे काका बावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. रोजची नोंद आहे."

परतताना एसटीत खिडकीशी बसून ती आईशी फोनवर भरभरून बोलत होती. मूर्तिजापूर गेलं, तरी जानराव तिकिटाची घडी घालत-उलगडत बसले होते. बडनेऱ्याच्या अलीकडं ते म्हणाले, "ताई, त्या रविवारी मी आलोच नोतो."

"कोणत्या?"

"तुमी मंगळवारी रक्त घेतलं, त्याच्या आंधीच्या. शनिवारी पह्यल्या रॅकचा दाना भरला अन् साडवाचा फोन आला, गाडी निघून राहिली म्हने. अकोटले त्याच्या पोरीचा साखरपुडा होता. म्हटलं, दुसरी रॅक रविवारी सकाळी येऊन भरतो."

प्राजक्तानं फोन मांडीवर ठेवला.

"मंग?"

"मंग थांबलो. सोमवारी दुपारी आलो. जाळीत दाना नोता. दोन उंदरं कोपऱ्यात पडून होते, पन मेले नाई. मी खायले टाकलं, अन् वहीत रविवारच्या रकान्यात 'दिले' असं लिवून देलं."

"लगन-मयत होतं का दुसऱ्या दिवशी?"

जानराव बाहेर पाहू लागले. "नाई. मयत असती तर सांगाले तोंड तरी असतं. रोडगे होते, वांग्याची भाजी होती. खाऊन झोपलो."

तिनं फोन पर्समध्ये टाकला. मग इतकंच म्हणाली, "आठ महिने गेले, काका. सोमवारीच सांगतलं असतं तर मी आठ दिवस थांबली असती फक्त."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं जानरावांना वाटलं. बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत दोघं अनोळखी माणसांसारखे शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. ती परिषदेला पत्र लिहीत होती. तिनं ते वाचून दाखवलं. सादर केलेले निष्कर्ष मागे घेत आहे. रक्त घेण्याच्या आदल्या दुपारपर्यंत प्राण्यांना सुमारे दीड दिवस उपवास घडला होता, त्यामुळं हे आकडे भरवशाचे नाहीत. देखरेखीतली ही चूक माझी आहे. प्रयोग पुन्हा केला जाईल.

"माहं नाव टाका त्यात," जानराव म्हणाले.

"कावून?"

"चूक माही आहे."

"प्रयोग माहा आहे. त्या मंगळवारी उंदरांचं वजन मीच केलं. उतरलेलं दिसलं होतं मले. दिसलं अन् आनंद झाला. तुमाले विचारलं नाई."

तिनं पत्र पाठवून दिलं. जानराव तिथंच उभे राहिले. आपल्याला काढून टाकतील, पगार कापतील, चारचौघांत बोलतील, या सगळ्याची तयारी करून ते आले होते. तिनं मान वर करून विचारलं, "अजून काही आहे का, काका? असंन तर आताच सांगा."

"नाई."

"बरं."

ते प्राणीगृहात गेले. दार उघडताच त्यांच्या पावलांच्या आवाजानं पिंजऱ्यांत खसखस झाली. पहिल्या रॅकवरचे, दुसऱ्या रॅकवरचे, सगळे उंदीर जाळीपाशी येऊन मागच्या पायांवर उभे राहिले. नाकं वर करून ते त्यांचा वास घेत होते. जानरावांनी मूठभर दाणे घेतले. झाकण उचलायला हात पुढं केला, आणि तो बराच वेळ तसाच राहिला.